पंधरा मुली आणि एक पाद्री

मंडळी, आधी एक कोडं. शाळेतल्या पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच रांगा करून फिरायला जातात. सात दिवसांच्या रांगा अशा लावा, की कुठल्याही दोघी एका रांगेत दुसऱ्यांदा येणार नाहीत.

हिशोब चोख बसतो. पंधराजणींच्या जोड्या होतात १०५. एका रांगेत तीन जोड्या, म्हणजे दिवसाला १५ आणि आठवड्याला बरोब्बर १०५. एकही जोडी वाया घालवायची सोय नाही! कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर रविवार गेलाच म्हणून समजा.

हे कोडं १८५० साली इंग्लंडमधल्या एका वार्षिकात छापून आलं. घालणारा होता रेव्हरंड थॉमस कर्कमन, लँकेशायरमधल्या क्रॉफ्ट नावाच्या खेड्यातला पाद्री.

कर्कमनचा जन्म १८०६ चा, बोल्टनमधला. वडील कापसाच्या धंद्यात. चौदाव्या वर्षी त्यांनी पोराची शाळा सोडवली आणि त्याला पेढीवर बसवलं. नऊ वर्षं त्यानं तिथं काढली. मग वडिलांच्या मनाविरुद्ध डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, पदवी घेतली, पाद्री झाला. क्रॉफ्टला आला आणि तिथंच तब्बल ५२ वर्षं राहिला. घरात सात मुलं, चर्चचं काम बेताचं, उरलेल्या वेळात गणित.

खरं तर ते कोडं म्हणजे मोठ्या कामातून सांडलेला चुरा. मोठं काम १८४७ चं. तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. प्रश्न असा: काही वस्तूंचे तिघा-तिघांचे गट असे करायचे, की प्रत्येक जोडी नेमकी एकाच गटात येईल. हे कधी जमतं? कर्कमननं सिद्ध केलं: वस्तूंच्या संख्येला ६ नं भागून बाकी १ किंवा ३ उरली तर, आणि तरच.

सहा वर्षांनी, १८५३ मध्ये, बर्लिनच्या याकोब स्टायनरनं हाच प्रश्न विचारला. १८५९ मध्ये तिकडच्या एका नामांकित जर्नलमध्ये उत्तरही आलं. या रचनांना नाव पडलं 'स्टायनर ट्रिपल सिस्टीम'. आजही तेच आहे. कर्कमननं पुढे तिरकसपणे विचारलं, की माझ्या जुन्या जर्नलनं नंतरच्या लेखातून एवढी चोरी केली तरी कशी? आपल्याकडे प्रत्येक कमिटवर तारीख असते. त्याच्याकडेही होती, पण लॉग बघतो कोण!

तसं १८५७ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला फेलो करून घेतलं होतं. पण १८९५ साली तो गेला त्यानंतरही लोकांच्या लक्षात राहिल्या त्या पंधरा मुलीच.

पंधराऐवजी, ६ नं भागून बाकी ३ उरेल अशी कुठलीही संख्या घेतली तर? याचं उत्तर १९७१ मध्ये रे-चौधुरी आणि विल्सन यांनी छापलं. हे रे-चौधुरी म्हणजे बंगालमध्ये जन्मलेले द्विजेंद्रकुमार, फ्लॅश मेमरीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या बीसीएच कोडमधले 'सी'. पण खरी गोष्ट पुढेच आहे. चीनमधल्या बाओटौ इथल्या लू ज्यासी नावाच्या शाळामास्तरानं हे १९६० च्या दशकातच सोडवलं होतं. त्याचे लेख साभार परत येत राहिले. १९८३ मध्ये तो वारला, पुरस्कार त्यानंतर मिळाला.

म्हणजे शंभर वर्षांनी, त्याच कोड्यावर, तीच गोष्ट. लेखाखालचा पत्ता खेड्यातला असला, की गणित बरोबर असूनही उशिरा पोचतं.

कोड्याचं उत्तर मुद्दाम देत नाहीये. नेटवर आहेच, पण आधी दोन कप चहा आणि एक दुपार देऊन बघा.