बाल्डविनचा डाव, अॅस्क्विथचा अस्त : ब्रिटनची १९२३ ची मुदतपूर्व निवडणूक

हाताशी स्पष्ट बहुमत, मुदत संपायला चार वर्षांचा अवकाश आणि विरोधक आपसांत भांडणारे. अशा स्थितीत एखादा पंतप्रधान आपण होऊन पार्लमेंट विसर्जित करील का? ब्रिटनचा पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन याने नोव्हेंबर १९२३ मध्ये नेमके हेच केले.

या निवडणुकीत त्याचा हुजूर पक्ष दुबळा झाला आणि ब्रिटनमध्ये पहिले मजूर सरकार आले, एवढे पाठ्यपुस्तकांत असते. परंतु या डावाची खरी किंमत बाल्डविनने मोजलीच नाही. ती मोजली तिसऱ्याच पक्षाने, आणि तीही आपण जिंकलो असे वाटत असताना.

नोव्हेंबर १९२२ च्या निवडणुकीत बोनर लॉच्या नेतृत्वाखाली हुजूर पक्षाने ६१५ पैकी ३४४ जागा जिंकल्या होत्या. प्रचारात बोनर लॉने एक वचन दिले होते : मतदारांना पुन्हा विचारल्याशिवाय देशाच्या जकात धोरणात मूलभूत बदल करणार नाही. मे १९२३ मध्ये घशाच्या कर्करोगामुळे तो पायउतार झाला. वारस म्हणून दोन नावे पुढे होती. एक लॉर्ड कर्झन, बंगालच्या फाळणीमुळे भारताला चांगलाच परिचित. दुसरा, त्या मानाने अपरिचित, बाल्डविन. राजा पंचम जॉर्जने बाल्डविनची निवड केली. मजूर पक्ष प्रमुख विरोधी पक्ष झाला असताना पंतप्रधान लॉर्डांच्या सभागृहात बसलेला चालणार नाही, हे त्यामागचे मुख्य कारण.

बाल्डविनपुढचा मोठा प्रश्न बेकारीचा होता. महायुद्धानंतरच्या मंदीत दहा लाखांहून अधिक कामगार बेकार होते. बाल्डविनचे घराणे लोखंडाच्या कारखानदारीतले. परदेशी मालावर जकात बसवून देशी उद्योगांना संरक्षण द्यावे, हे त्याचे प्रामाणिक मत होते. आड येत होते ते बोनर लॉचे वचन. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी प्लिमथ येथील भाषणात त्याने संरक्षक जकातीचा पुरस्कार जाहीरपणे केला. त्यानंतर निवडणूक टाळणे अशक्यच होते. लॉइड जॉर्ज हा विषय आपल्या आधी उचलील अशी धास्ती होती, असे बाल्डविनने पुढे स्वतःच सांगितले. हा खुलासा मागाहून सुचलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

जकातीवर एवढे रण का माजले, हे समजण्यासाठी पाव डोळ्यांपुढे आणावा लागतो. १८४६ मध्ये धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाल्यापासून खुला व्यापार म्हणजे स्वस्त भाकरी, हे समीकरण ब्रिटिश मनात पक्के बसले होते. १९०६ मध्ये याच प्रश्नावर हुजूर पक्षाने सपाटून मार खाल्ला होता. अन्नधान्यावर कर लावणार नाही असे बाल्डविन सांगत राहिला. त्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते.

१९१६ पासून उदारमतवादी पक्ष अॅस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज यांच्या वैरात दुभंगला होता. सात वर्षे कोणाला जमले नाही ते बाल्डविनने एका भाषणात करून दाखवले. खुल्या व्यापाराच्या रक्षणासाठी दोघे एका व्यासपीठावर आले.

६ डिसेंबरला मतदान झाले. हुजूर २५८, मजूर १९१, उदारमतवादी १५८. लोकसभागृह त्रिशंकू. येथे एक आकडा मुद्दाम पाहण्याजोगा आहे. हुजूर पक्षाला १९२२ मध्ये सुमारे साडेअडतीस टक्के मते होती. १९२३ मध्ये ती अडतीस टक्के राहिली. अर्ध्या टक्क्याच्या घसरणीत ८६ जागा गेल्या! जनतेने बाल्डविनकडे पाठ फिरवली असे म्हणण्यापेक्षा त्याने विरोधकांची मते एकत्र आणून दिली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पुढचे सहा आठवडे ब्रिटिश राज्यघटनेच्या अभ्यासकांसाठी मोठे मनोरंजक आहेत. सर्वांत मोठ्या पक्षाचा पंतप्रधान हरला होता, पण राजीनामा न देता पार्लमेंटला सामोरे जाण्याचे त्याने ठरवले. मजूर पक्ष सत्तेवर येणार म्हणजे मालमत्ता, धर्म, कुटुंबसंस्था सगळे बुडणार, अशी हाकाटी काही वृत्तपत्रांनी सुरू केली. दोन्ही जुन्या पक्षांनी एकत्र येऊन मजुरांना रोखावे, असा आग्रह होऊ लागला.

निर्णयाची किल्ली एकाच माणसाच्या हाती होती : एकाहत्तर वर्षांचा अॅस्क्विथ. मजूर पक्षाला संधी द्यायचीच असेल तर याहून सुरक्षित परिस्थिती मिळणार नाही, असे त्याने आपल्या खासदारांना सांगितले. बहुमत नसलेले, अननुभवी सरकार उदारमतवाद्यांच्या मेहेरबानीवर चालेल, अडखळेल, आणि लोक पुन्हा आपल्याकडे वळतील, हा त्याचा हिशेब. कागदावर तो बिनचूक होता. मात्र सत्ता चालवून दाखवणे हीच मजूर पक्षाची सर्वांत मोठी गरज होती, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते.

२१ जानेवारी १९२४ रोजी बाल्डविनचे सरकार ३२८ विरुद्ध २५६ मतांनी कोसळले. दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडमधील एका मोलकरणीचा अनौरस मुलगा रॅम्से मॅक्डोनाल्ड साम्राज्याचा पंतप्रधान झाला. बरोबर तेवीस वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, राणी व्हिक्टोरियाचे निधन झाले होते. आजीला हे सरकार पाहून काय वाटले असते, असा प्रश्न पंचम जॉर्जने त्या दिवशीच्या रोजनिशीत नोंदवून ठेवला.

भारतात या बातमीकडे मोठ्या आशेने पाहिले गेले, आणि महाराष्ट्रात तिला एक जुना संदर्भ होता. चिरोल खटल्याच्या निमित्ताने १९१८-१९ मध्ये लंडनला असताना लोकमान्य टिळकांनी मजूर पक्षाशी जाणीवपूर्वक संबंध जोडले होते. पक्षाला दोन हजार पौंडांची देणगीही दिली होती. योगायोगाने नोव्हेंबर १९२३ मध्ये भारतातही कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले आणि न. चिं. केळकर मध्यवर्ती कायदेमंडळात पोहोचले. पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या गांधीजींची ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सुटका झाली. नवे सरकार येऊन दोनच आठवडे झाले होते. परंतु सुटकेचे अधिकृत कारण प्रकृतीचे होते.

फेब्रुवारीतच मोतीलाल नेहरूंनी गोलमेज परिषदेची मागणी करणारा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मंजूर करून घेतला. भारतमंत्री लॉर्ड ऑलिव्हिए फेबियन समाजवादी होता, सहानुभूतीही दाखवत होता. हाती आली ती मात्र एक चौकशी समिती, मडिमन समिती. तिच्यातील रँग्लर परांजपे, सप्रू, जिना आदी सदस्यांना वेगळा अहवाल लिहावा लागला. मग २५ ऑक्टोबर १९२४ रोजी बंगालमध्ये विनाचौकशी अटकेचा वटहुकूम निघाला. त्याला याच मजूर सरकारची संमती होती. त्या दिवशी पकडलेल्यांत सुभाषचंद्र बोस होते; पुढे त्यांना टिळकांच्याच मंडालेला पाठवण्यात आले. साम्राज्याच्या बाबतीत आपण मऊ नाही हे सिद्ध करण्याची घाई अल्पमतातल्या सरकारला अधिक असते. मजूर नेत्यांच्या विचारांत साम्राज्यवाद मुळीच नव्हता, असे मात्र समजू नये.

इकडे लंडनमध्ये उदारमतवाद्यांची अवस्था विचित्र झाली होती. सरकार टिकवायचे त्यांनी, श्रेय मजुरांचे. गरिबांच्या घरबांधणीचा व्हीटली कायदा त्यांच्या मतांवर मंजूर झाला आणि मजूर पक्षाची शिदोरी बनला. समाजवाद्यांना सत्तेवर बसवले म्हणून पक्षाचे सुखवस्तू मतदार हुजूर पक्षाकडे सरकू लागले. त्यांच्यापैकी सर्वांत गाजलेले नाव विन्स्टन चर्चिल. डिसेंबर १९२३ मध्ये तो लेस्टर वेस्टमधून उदारमतवादी म्हणून हरला होता. वर्षभराच्या आत तो बाल्डविनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होता.

८ ऑक्टोबर १९२४ रोजी एका साम्यवादी संपादकावरील खटला मागे घेण्याच्या प्रकरणात मॅक्डोनाल्ड ३६४ विरुद्ध १९८ मतांनी हरला. सरकार पाडणारी दुरुस्ती उदारमतवाद्यांचीच होती. दोन वर्षांतली तिसरी निवडणूक २९ ऑक्टोबरला झाली. जकातीचा हट्ट सोडलेल्या बाल्डविनच्या पक्षाला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. मजूर पक्ष १५१ वर आला. त्याची एकूण मते मात्र वाढली होती. उदारमतवादी १५८ वरून ४० वर घसरले. पेझ्ली मतदारसंघात खुद्द अॅस्क्विथ पडला, तोही मजूर उमेदवाराकडून. त्या पक्षाचे स्वबळावरचे सरकार ब्रिटनमध्ये पुन्हा आले नाही.

बाल्डविनने १९२३ मध्ये मागितलेली सर्वसाधारण जकात अखेर १९३२ मध्ये लागू झाली. तेव्हाच्या राष्ट्रीय सरकारात बाल्डविन होता, काही उदारमतवादी मंत्रीही होते. पंतप्रधान होता रॅम्से मॅक्डोनाल्ड.