मास्तरांचा स्पास्की

बुद्धिबळाचा नाद असलेल्या माणसाला घरात जी किंमत असते, ती साधारणपणे दिवाणखान्यातल्या बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळाएवढी. कोणी काढून टाकत नाही, पण वेळही त्याला विचारत नाही. मात्र अधूनमधून जगालाच बुद्धिबळाचा झटका येतो, आणि तेवढे दिवस आमचा भाव वधारतो. २००० साली आनंद जगज्जेता झाला तेव्हा तो वधारला होता. २०२४ च्या डिसेंबरात अठरा वर्षांचा गुकेश सिंगापूरला जिंकला तेव्हा वधारला. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने विश्वचषक आणला तेव्हा तर आमच्या इमारतीतल्या चार आयांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "काका, मुलीला कितव्या वर्षी सुरू करावं?" त्याआधी त्यांपैकी एकीने मला फक्त पाण्याच्या मोटारीबद्दल काय ते विचारलं होतं.

पण सगळ्यांत मोठा झटका आला तो २०२० साली, टाळेबंदीत. 'द क्वीन्स गॅम्बिट' नावाची मालिका आली आणि आमची सून, जिने लग्नानंतरच्या अकरा वर्षांत माझ्या पटावरची फक्त धूळ झटकली होती, ती चहाचा कप घेऊन समोर बसली. "बाबा, हे क्वीन्स गॅम्बिट म्हणजे हो काय?"

आता पंचाईत अशी, की आपल्या पटावर क्वीनच नाही. साहेबाच्या राजाशेजारी राणी उभी असते, आपल्या राजाशेजारी वजीर. राजाने लढाईला जाताना बायकोला बरोबर न्यावं ही कल्पना आपल्या पूर्वजांना मानवली नसावी. तेव्हा 'क्वीन्स गॅम्बिट'चं मराठी 'वजिराचं आमिष' असं काहीतरी होतं, आणि ते ऐकताना लाचलुचपत खात्याने एखाद्या मंत्र्याला पकडल्यासारखं वाटतं. सुरुवातीलाच वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं फुकट देऊ करायचं आणि पटाच्या मधोमध जागा मिळवायची, एवढाच तो प्रकार. मी तो सुनेला दाखवला आणि म्हटलं, "या सुरुवातीचा एक डाव १९७२ साली झाला. त्या डावाने माझं एका सज्जन माणसाशी भांडण लावलं."

सून म्हणाली, "थांबा, कुकर लावून येते." ती आली नाही. म्हणून ती हकीकत आता इथे सांगतो.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आम्ही सांगलीत राहत होतो. सांगलीत बुद्धिबळ खेळणारा माणूस म्हणजे कोल्हापुरात कुस्ती खेळणारा माणूस, कोणी वळून बघत नाही. आमच्या आळीत एक मास्तर राहत. शाळेत इतिहास शिकवत आणि संध्याकाळी ओसरीवर पट मांडत. त्यांचा लाकडी संच जुना होता. एक काळा घोडा कधीच हरवलेला, त्याच्या जागी सुपारी. मास्तरांची सुपारी अडीच घरं उडी मारून यायची आणि माझा वजीर खायची. मी त्यांच्याशी दोन वर्षांत शंभर डाव तरी खेळलो असेन. जिंकलो सात.

त्या उन्हाळ्यात दोनच बातम्या होत्या, महाराष्ट्रातला दुष्काळ आणि आइसलंडमधलं बुद्धिबळ. अमेरिकेचा बॉबी फिशर आणि रशियाचा बोरिस स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत रेक्याविकला व्हायची होती. रशियन लोकांनी ते पद १९४८ पासून घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. अमेरिकेत शेल्बी लायमन नावाचे गृहस्थ टीव्हीवर तासन्‌तास भिंतीवरच्या पटावर सोंगट्या हलवीत आणि लोक डोळे लावून बघत. आमच्याकडे टीव्हीच नव्हता. मुंबईला दूरदर्शन सुरू झालं तेच मुळी २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे सामना संपल्यावर महिन्याने. आम्हाला डाव मिळत ते इंग्रजी वर्तमानपत्रांतून, दोन दिवस शिळे आणि 'पी-के फोर' असल्या भाषेत. वडिलांना एकदा माझ्या वहीत ती अक्षरं सापडली, तेव्हा मी चोरून शेअर बाजारात पडलो आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

सांगलीत तेव्हा बहुतेक सगळे स्पास्कीच्या बाजूचे. कारण बुद्धिबळाचं नव्हतंच. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात आपला रशियाशी करार झाला होता, आणि डिसेंबरात बांगलादेशच्या लढाईच्या ऐन भरात अमेरिकेने सातवं आरमार बंगालच्या उपसागरात धाडलं होतं. त्यामुळे अमेरिकेच्या उंटाने खाल्लेलं प्रत्येक प्यादं हे जणू आपल्याच नौदलाचं नुकसान. मी मात्र फिशरचा. एकोणीसाव्या वर्षी माणसाला उद्धट माणसं आवडतात. शिवाय आदल्या वर्षी त्याने ताइमानोव्हला सहा-शून्य आणि लार्सनला सहा-शून्य असं धुतलं होतं. त्या पातळीवर सहा-शून्य म्हणजे काय हे बुद्धिबळ न खेळणाऱ्याला सांगणं कठीण. रणजी ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात अख्खा संघ शून्यावर बाद व्हावा, तसं काहीतरी.

मास्तर स्पास्कीचे होते, पण त्यांचं कारण निराळं. "माणूस बरा दिसतो," एवढंच ते म्हणत.

फिशर आधी आलाच नाही. उद्घाटन झालं, भाषणं झाली, खुर्ची रिकामी. बोहल्यावर अंतरपाट धरलेला आणि नवरदेव जानवशाला रुसून बसलेला, अशी आइसलंडची अवस्था. बक्षिसाची रक्कम सव्वा लाख डॉलर होती, ती त्याला कमी वाटत होती. शेवटी जिम स्लेटर नावाच्या एका इंग्रज धनिकाने पदरचे तेवढेच आणखी घातले आणि किसिंजरसाहेबांनी फोन करून समजूत काढली, तेव्हा कुठे स्वारी विमानात बसली. नवरदेवाला तरी सायकलीवर भागवता येतं.

११ जुलैला पहिला डाव. बरोबरीत सुटत आलेल्या डावात फिशरने उंटाने पटाच्या कडेचं एक प्यादं खाल्लं आणि उंटाची परतीची वाट बंद झाली. असली चूक मी करत असे, आणि मास्तर त्यावर "वा!" म्हणत. फिशर हरला. दुसऱ्या डावाला कॅमेऱ्यांच्या आवाजाचं कारण सांगून तो आलाच नाही, तोही डाव गेला. स्पास्की दोन-शून्य पुढे.

मास्तरांची गोष्ट इथे सुरू होते. स्पास्कीने त्या दिवशी बॅग भरली असती तर जगज्जेता म्हणूनच घरी गेला असता. मॉस्कोची तशी इच्छाही होती. फिशरने नवी अट घातली, तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत व्हावा. स्पास्कीने ती मान्य केली. त्या खोलीत फिशर त्याच्याविरुद्ध आयुष्यात पहिल्यांदा जिंकला, आणि मग थांबलाच नाही.

"मूर्खपणा केला," मी म्हणालो.

"खेळायला आला होता तो," मास्तर म्हणाले.

२३ जुलैला सहावा डाव झाला. आयुष्यभर राजापुढचं प्यादं ढकलत आलेल्या फिशरने वाट बदलली आणि डाव फिरून फिरून आला तो नेमका या वजिराच्या आमिषावर. ज्या बचावात स्पास्कीचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच बचावात फिशरने त्याला ४१ खेळींत संपवलं. दोन दिवसांनी तो डाव आम्ही ओसरीवर पुन्हा खेळलो. मी पांढऱ्या सोंगट्या हलवत होतो, मास्तर काळ्या. कुठेही आदळआपट नाही. एकेक सोंगटी जागेवर येत जाते, आणि शेवटी काळ्या राजाला दिसतं की आपल्या घराच्या साऱ्या भिंती कधीच गेल्या आहेत. बातमीत पुढे एक ओळ होती. डाव संपल्यावर सभागृह टाळ्या वाजवू लागलं, आणि स्पास्कीही उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

मी हसलो. "हरलेल्याच्या टाळ्या," म्हणालो. "उद्या हार घालेल."

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी सोंगट्या एकेक करून डब्यात भरल्या, सुपारीसुद्धा, आणि आत निघून गेले. त्यानंतर तीन आठवडे ओसरीवर पट मांडला गेला नाही. कोणी विचारलं तर सांगत, दिवा नीट लागत नाही.

पुढचा सामना मी एकट्यानेच खेळून पाहिला. अमेरिकन लोक कसल्या तरी किरणांनी आमच्या माणसाचं डोकं बधिर करताहेत, अशी रशियन पथकाची तक्रार आली. खुर्च्यांचे एक्स-रे काढले, दिवे उघडले. दिव्यात दोन मेलेल्या माश्या निघाल्या. मला ही बातमी मास्तरांना सांगण्याची इतकी घाई झाली की मी भांडण विसरून ओसरीवर जाऊन उभा राहिलो. मास्तर पोटभर हसले. "माश्या कुठल्या पक्षाच्या, ते छापलंय का?" म्हणाले, आणि डबा काढला.

१ सप्टेंबरला स्पास्कीने अर्धवट राहिलेला एकविसावा डाव फोनवरूनच सोडला. साडेबारा विरुद्ध साडेआठ.

हरल्याची शिक्षा त्याला घरी झालीच. काही काळ परदेशी स्पर्धांना जाऊ देईनात. ताइमानोव्हचं तर आधीच मातेरं केलं होतं, त्याच्या सामानात सोल्झेनित्सिनचं पुस्तक सापडल्याचं निमित्त करून. तरी १९७३ साली स्पास्कीने सोव्हिएत अजिंक्यपद मिळवलं, आणि १९७६ साली तो फ्रान्सला राहायला गेला. फिशर १९७५ साली पद राखायला पटावर बसलाच नाही आणि वीस वर्षं दिसेनासा झाला. लंडनला त्या शीतयुद्धावर 'चेस' नावाचं संगीत नाटक आलं, पुढे सिनेमाही निघाला. सगळीकडे नायक फिशर. दुसरा तो नुसता समोरच्या खुर्चीत.

१९९२ साली दोघे युगोस्लाव्हियात पुन्हा खेळले. तिथे तेव्हा आंतरराष्ट्रीय निर्बंध होते. फिशरने अमेरिकन सरकारच्या मनाई हुकुमावर पत्रकारांसमोर थुंकून दाखवलं. मास्तर तेव्हा सत्तरीच्या पुढे. फोटो बघून म्हणाले, "दोघेही सुटलेत रे." त्यांचा शेवटचा शेरा तोच. १९९८ साली मास्तर गेले. त्यांच्या मुलाने संच मला आणून दिला. सुपारी होती, तिला भोक पडलं होतं.

म्हणजे २००४ ची बातमी मास्तरांना कळलीच नाही. त्या जुलैत फिशरला टोकियोच्या विमानतळावर पकडलं. मूळ गुन्हा युगोस्लाव्हियात खेळल्याचा. तोवर तो ज्यूंविरुद्ध आणि अमेरिकेविरुद्ध इतकं घाणेरडं बोलला होता की मीही त्याचं कात्रण कापणं सोडलं होतं. तेव्हा स्पास्कीने राष्ट्राध्यक्ष बुश यांना पत्र लिहिलं. तोच गुन्हा मीही केला आहे, तेव्हा मलाही पकडा, दोघांना एका कोठडीत ठेवा आणि एक पट द्या, असा त्याचा आशय. हे वाचताना मी ओसरीवर म्हटलेलं ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं. ज्याला सांगायला जायचं ते मास्तर नव्हते.

आइसलंडने फिशरला नागरिकत्व दिलं. तो २००८ साली तिथेच गेला, वय ६४. पटाला घरं तेवढीच.

आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला मॉस्कोमध्ये स्पास्की गेला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन. सकाळी पेपरात बातमी होती. मी पेपर खाली ठेवला तशी ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?"

"स्पास्की."

"आपल्यातले का?"

"मास्तरांच्यातला," मी म्हटलं.

"अगंबाई," म्हणून तिने गॅसवर चहा चढवला.