पुणे लोकसभा मतदारसंघ व खडकी छावणी

महाराष्ट्र राज्यातील ३४ क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ. पुणे शहराचा मध्यवर्ती भाग, पश्चिमेकडील कोथरूडची विस्तीर्ण वसाहत, पूर्वेकडील वडगावशेरी आणि मुळा-मुठेच्या परिसरातील दोन लष्करी छावण्या असा त्याचा विस्तार असून वडगावशेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट (अनुसूचित जातींसाठी राखीव) व कसबा पेठ हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात समाविष्ट होतात. ही रचना २००८ च्या सीमांकनाने अमलात आली. तत्पूर्वीचे बोपोडी व भवानी पेठ हे विधानसभा मतदारसंघ त्या फेरफारात लोप पावले, तर कोथरूड व वडगावशेरी नव्याने निर्माण झाले. खडकीची छावणी आणि तिला लागून असलेली बोपोडी यांचा समावेश आज शिवाजीनगर विधानसभा मतदारसंघात होतो. शहराचेच अंग असलेले हडपसर व खडकवासला हे भाग मात्र अनुक्रमे शिरूर व बारामती या लोकसभा मतदारसंघांकडे गेलेले असल्यामुळे, महानगराची हद्द आणि या मतदारसंघाची हद्द एक नाही.

खडकीचे स्थान : ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या व इंग्रजांच्या फौजांची गाठ जेथे पडली, त्या परिसरात पुढे इंग्रजी अमलात लष्करी छावणी वसली. १८६९ मध्ये तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उच्च क्षमतेच्या स्फोटकांचा कारखाना त्याच्या जोडीला आला. ‘बॉम्बे सॅपर्स’चे केंद्र, लष्करी वाहनांची आगारे व दुरुस्तीच्या कर्मशाळा यांच्या आधाराने जी कामगारवस्ती वाढली, तिचे जीवन शनिवार-सदाशिव पेठांतील शिक्षक-वकील-लेखनिकांच्या जीवनाहून सर्वस्वी निराळे होते. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणारा, केंद्र सरकारचा पगारी नोकर असलेला आणि संघटनेच्या शिस्तीत वाढलेला हा मतदार पुण्याच्या राजकारणात ‘छावणीचा मतदार’ म्हणून ओळखला गेला.

या मतदाराची राजकीय स्थिती काहीशी विलक्षण आहे. दिल्लीतील व मुंबईतील सभागृहांवर प्रतिनिधी पाठविण्याचा त्याचा अधिकार इतर कोणाही नागरिकाइतकाच पूर्ण. परंतु दारातील रस्ता, पाणी व बांधकामाचा परवाना यांचा अखत्यार छावणी मंडळाकडे असून, १९२४ च्या व त्यानंतरच्या २००६ च्या छावणी कायद्यान्वये त्या मंडळाचे अध्यक्षपद स्थानिक लष्करी अधिकाऱ्याकडे राहते. लोकनियुक्त सभासद उपाध्यक्षपदापर्यंतच पोहोचू शकतो. साहजिकच महानगरपालिकेच्या हद्दीतील रहिवासी जी गाऱ्हाणी नगरसेवकापुढे मांडतो, ती खडकीचा रहिवासी खासदारापुढे मांडीत आला; कारण संरक्षण खात्याच्या दफ्तरापर्यंत त्याच्यासाठी जाणारा तोच एक लोकनियुक्त मार्ग होय.

प्रारंभीचा कालखंड (१९५२–६२) : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याला मध्य व दक्षिण असे दोन मतदारसंघ लाभले. पुणे मध्यमधून नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिणमधून इंदिरा अनंत मायदेव हे दोघेही काँग्रेसतर्फे निवडून आले. गाडगीळ १९३४ पासून मध्यवर्ती विधिमंडळात होते, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचा कारभार त्यांनी सांभाळला होता.

१९५७ ची निवडणूक भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नावर लढली गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने समाजवादी, शेतकरी कामगार, साम्यवादी, रिपब्लिकन विचाराचे व जनसंघीय अशा परस्परविरोधी मतांच्या पक्षांना एका मांडवाखाली आणले आणि प्रजासमाजवादी पक्षाचे नारायण गणेश तथा नानासाहेब गोरे यांना उमेदवारी दिली. गोवा मुक्तिसत्याग्रहात १९५५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने त्यांना तुरुंगात टाकले होते व १९५७ च्या प्रारंभी त्यांची सुटका झालेली होती. त्यामुळे त्यांच्या उमेदवारीभोवती त्यागाचे वलय होते. ज्या गाडगीळांनी स्वपक्षाची नाराजी पत्करून संयुक्त महाराष्ट्राचा पुरस्कार लोकसभेत केला, त्यांनाच काँग्रेसच्या उमेदवारीमुळे संयुक्त महाराष्ट्रवादी मतदारांच्या हातून पराभव स्वीकारावा लागला, हे या निवडणुकीचे वैशिष्ट्य होय. गाडगीळ यांची पुढे पंजाबच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली.

राज्यस्थापनेनंतर समितीचे प्रयोजन संपले व तिच्यातील घटक पक्ष आपापल्या वाटांनी गेले. १९६२ मध्ये काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले मोरे १९५२ मध्ये त्याच पक्षातर्फे सोलापूरहून लोकसभेत गेले होते व नंतर काँग्रेसमध्ये आले होते.

एस. एम. जोशी व खडकीचे कामगार : १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे श्रीधर महादेव जोशी विजयी झाले. समितीचे सरचिटणीस म्हणून महाराष्ट्रभर लोकमान्य झालेल्या जोशींची ओळख खडकीत मात्र कामगार पुढारी म्हणून अधिक दृढ होती. देशभरातील आयुधनिर्माण्या, आगारे व लष्करी कर्मशाळांतील नोकरांच्या अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्या महासंघाचे मुख्य कार्यालय खडकीत एल्फिन्स्टन रस्त्यावर असून त्या वास्तूस त्यांचेच नाव देण्यात आले आहे. पेठांतील सुशिक्षित मध्यमवर्ग आणि छावणीतील श्रमिकवर्ग हे दोन्ही ज्याला आपला मानीत, असा प्रतिनिधी पुण्याला त्यांच्या रूपाने लाभला. समाजवाद्यांचा प्रभाव त्या काळी किती होता, हे १९६७-६८ मध्ये नानासाहेब गोरे पुण्याचे महापौर झाले यावरूनही लक्षात येते.

मोहन धारिया (१९७१–७९) : १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या नेतृत्वाखालील काँग्रेसने हा मतदारसंघ परत मिळविला. विजयी उमेदवार मोहन धारिया हे काँग्रेसमधील ‘तरुण तुर्क’ म्हणून ख्यातनाम झालेल्या गटाचे असून केंद्रात नियोजन खात्याचे राज्यमंत्री झाले. परंतु जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने वाटाघाटी कराव्यात असा आग्रह धरल्यामुळे १९७५ च्या मार्चमध्ये त्यांना मंत्रिपद गमवावे लागले आणि आणीबाणीत त्यांना कारावास घडला. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या आघाडीतर्फे ते पुन्हा विजयी झाले व मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री झाले. एकाच व्यक्तीस लागोपाठच्या दोन निवडणुकांत परस्परविरोधी पक्षांतर्फे निवडून देण्याचा हा प्रसंग पुण्याच्या इतिहासात एकमेव आहे.

विठ्ठलराव गाडगीळ व अण्णा जोशी (१९८०–९६) : काकासाहेबांचे पुत्र विठ्ठलराव गाडगीळ यांनी १९८०, १९८४ व १९८९ अशा तीन निवडणुका काँग्रेसतर्फे सलग जिंकल्या. हे सातत्य पुण्यात दुसऱ्या कोणासही साधलेले नाही. राजीव गांधींच्या कारकीर्दीत ते माहिती व नभोवाणी खात्याचे राज्यमंत्री होते. १९९१ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या अण्णा जोशींनी त्यांचा पराभव केला आणि १९५७ व १९६७ मध्ये समाजवाद्यांना, तर १९७७ मध्ये जनता पक्षाला मिळालेले काँग्रेसविरोधी मत यापुढे भाजपच्या खात्यात जमा होऊ लागले. कामगार चळवळीच्या आधाराने उभा राहिलेला समाजवादी पक्ष पुण्यातून जवळजवळ नामशेष झाला, तेव्हा खडकीच्या मतदारापुढेही निवड उरली ती काँग्रेस व भाजप या दोहोंतच.

विभागलेल्या मतांचा काळ (१९९६–२००९) : वायुदलातील माजी वैमानिक व १९८२ पासून राज्यसभेचे सदस्य असलेले सुरेश कलमाडी १९९६ मध्ये भाजपच्या गिरीश बापटांचा पराभव करून लोकसभेत गेले. १९९८ मध्ये काँग्रेसने विठ्ठल तुपे यांना उमेदवारी दिली, तेव्हा कलमाडी ‘पुणे विकास आघाडी’च्या नावाने, भाजप-शिवसेना युतीच्या पाठिंब्यावर उभे राहिले, परंतु तुपे यांनी त्यांना पराभूत केले. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली व तुपे त्या पक्षाकडून, तर मोहन जोशी काँग्रेसकडून रिंगणात आल्याने मतांची वाटणी होऊन भाजपचे प्रदीप रावत निवडून आले. दोन्ही काँग्रेस पक्षांची आघाडी झाल्यावर २००४ मध्ये कलमाडींनी रावतांचा पराभव केला.

२००९ मध्ये विभागणीचा लाभ उलट बाजूस झाला. कलमाडींना २,७९,९७३ व भाजपचे अनिल शिरोळे यांना २,५४,२७२ मते पडली, म्हणजे अंतर अवघे २५,७०१ मतांचे राहिले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे रणजित शिरोळे यांनी ७५,९३० आणि बहुजन समाज पक्षातर्फे उभे राहिलेले बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांनी ६२,९८१ मते घेतली.

२०१४ पासूनचा कालखंड : २०१४ मध्ये अनिल शिरोळे यांनी ५,६९,८२५ मते मिळवून काँग्रेसचे विश्वजित कदम यांच्यावर ३,१५,७६९ मतांनी मात केली. या निवडणुकीत पुण्यात मतदारयादीतून नावे गळाल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. शांतता क्षेत्रातील ठाण्यांवर नेमलेल्या सैनिकांना तेथील सामान्य मतदार म्हणून मतदान करू द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिल्यामुळे, खडकीसारख्या छावण्यांच्या दृष्टीने ही निवडणूक महत्त्वाची ठरली.

२०१९ मध्ये भाजपने विद्यमान सदस्याऐवजी, कसबा पेठेचे १९९५ पासूनचे आमदार गिरीश बापट यांना उभे केले. ६,३२,८३५ मते मिळवून त्यांनी मोहन जोशींचा ३,२४,६२८ मतांनी पराभव केला. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत, खडकी ज्या शिवाजीनगरात येते तेथे, अनिल शिरोळे यांचे पुत्र सिद्धार्थ शिरोळे यांना काँग्रेसच्या दत्ता बहिरट यांच्यावर केवळ ५,१२४ मतांची आघाडी मिळाली. लोकसभेला लाखांनी पुढे असलेला पक्ष विधानसभेला हजारांवर येतो, हा फरक या भागातील निकालांचा विचार करताना ध्यानात घ्यावा लागतो.

२९ मार्च २०२३ रोजी बापट यांचे निधन झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार रिक्त जागा सहा महिन्यांत भरावयाची असताना पोटनिवडणूक घेण्यात आली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती तातडीने घेण्याचा आदेश दिला, पण जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. परिणामी वर्षाहून अधिक काळ पुण्यास लोकसभेत प्रतिनिधी नव्हता.

१३ मे २०२४ च्या मतदानात भाजपचे माजी महापौर मुरलीधर मोहोळ यांना ५,८४,७२८ व काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांना ४,६१,६९० मते मिळाली. धंगेकर यांनी २०२३ ची कसबा पेठेतील पोटनिवडणूक जिंकलेली होती. तथापि कोथरूडमधील मोठ्या आघाडीच्या बळावर मोहोळ १,२३,०३८ मतांनी विजयी झाले आणि केंद्रात सहकार व नागरी विमानवाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले.

समीक्षा : १९५२ ते २०२४ या अवधीतील १८ सार्वत्रिक निवडणुकांत, १९५२ च्या पुणे दक्षिणचा अपवाद सोडल्यास, १३ व्यक्तींनी पुण्याचे प्रतिनिधित्व केले. काँग्रेसने १०, भाजपने ५, दोन समाजवादी पक्षांनी प्रत्येकी १ व जनता पक्षाने १ वेळ विजय मिळविला. विद्यमान सदस्य पुन्हा निवडून येण्याचा प्रसंग केवळ चार वेळा घडला : १९७७ मध्ये धारिया, १९८४ व १९८९ मध्ये विठ्ठलराव गाडगीळ आणि २००९ मध्ये कलमाडी. २०१४ नंतर पक्ष तोच राहिला, पण प्रत्येक खेपेस उमेदवार नवा आला. पुणेकर मतदार चंचल आहे असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र घाईचे होईल; मतांचे मोठे गट बहुतांशी आपल्या ठिकाणी स्थिर राहिले असून, १९५७ व १९७७ मध्ये विरोधकांची एकजूट आणि १९९९ व २००९ मध्ये फुटीर उमेदवाऱ्या यांनीच निकाल फिरविले, असे आकडे दर्शवितात. या सर्व काळात इंदिरा मायदेव यांच्यानंतर पुण्यातून एकही स्त्री लोकसभेवर निवडून गेलेली नाही.

खडकीपुरते पाहता, आयुधनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन तेथील कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेले. संरक्षण कर्मचारी महासंघाने या निर्णयास विरोध केला होता. छावणी मंडळाची शेवटची निवडणूक २०१५ मध्ये झाली. लोकनियुक्त मंडळाची वाढीव मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली आणि एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेल्या निवडणुका मार्चमध्ये रद्द करण्यात आल्या. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या नगरसंस्थेत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले असून, ते अमलात आल्यास खडकीच्या नागरी वस्तीचा कारभार पुणे महानगरपालिकेकडे जाईल व तेथील रहिवाशास स्थानिक गाऱ्हाण्यासाठी खासदाराचे दार ठोठावण्याची गरज कमी होईल.