तिरंग्याचा अर्थ आणि मुंबई

भारताचा राष्ट्रध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, तरी त्याचे रंग आणि त्या रंगांचा अर्थ निश्चित होण्यास चाळीस वर्षे लागली, आणि या घडणीतील काही निर्णायक टप्पे मुंबईशी निगडित आहेत.

मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत, आडव्या तीन पट्ट्यांचा आणि मधल्या पट्टीवर ‘वंदे मातरम्’ लिहिलेला ध्वज फडकवला. पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी तो भारतात आणला आणि आज तो पुण्याच्या केसरीवाड्यात जतन केलेला आहे.

१९२१ मध्ये बेझवाडा येथे पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींना तांबड्या-हिरव्या ध्वजाचा आराखडा दाखवला, त्यात पुढे पांढरा रंग आणि चरखा आला. तथापि हे रंग निरनिराळ्या धर्मसमाजांचे मानले जाऊ लागल्याने वाद उद्भवला, म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनात एक समिती नेमण्यात आली. तिने सुचवलेला एकरंगी केशरी ध्वज अमान्य करून अखिल भारतीय काँग्रेस समितीने, म्हणजे दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात निर्णय घेणाऱ्या मंडळाने, ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या बैठकीत केशरी, पांढरा व हिरवा हा क्रम मान्य केला आणि या रंगांना जातीय अर्थ नाही, तर केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा आणि हिरवा श्रद्धा व शौर्याचा द्योतक आहे, असे स्पष्ट केले.

हाच चरखांकित तिरंगा ९ ऑगस्ट १९४२ रोजी, प्रमुख नेते पहाटेच अटकेत गेले असताना, अरुणा असफ अली यांनी मुंबईतील गोवालिया टँक मैदानावर फडकवला. १९४७ मध्ये चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चोवीस आऱ्यांचे चक्र आले, आणि त्या वर्षी १४ ऑगस्टच्या मध्यरात्री झालेल्या संविधान सभेच्या बैठकीत मुंबईच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला.

कापड, आकार आणि मधले चिन्ह बदलत गेले, परंतु रंग कोणा एका समाजाचे नाहीत, हा १९३१ चा निर्णय कायम राहिला. कांजूरमार्गपासून कुलाब्यापर्यंत ध्वजवंदनासाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुंबईकराने याच शहरात झालेल्या त्या ठरावाचे स्मरण ठेवावे.