कोलोबेंगचा संसार

इ. स. १८६४ च्या जून महिन्याच्या १३ तारखेस मुंबई बंदरांत एक लहानशी आगबोट येऊन दाखल झाली. झांजीबारहून निघून सुमारें अडीच हजार मैलांचा समुद्र तिनें पंचेचाळीस दिवसांत ओलांडला होता. पावसाळा तोंडाशीं आलेला, बोट सरोवराच्या पाण्यासाठीं बांधलेली, कोळसा अगदीं बेताचा, आणि कप्तानाचें काम करणारा गृहस्थ मुळांत दर्यावर्दी नव्हे, तर वैद्य व मिशनरी! बोटीचें नांव 'लेडी न्यासा' आणि त्या गृहस्थाचें नांव डेव्हिड लिव्हिंग्स्टन. आफ्रिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारा प्रवासी म्हणून त्याची कीर्ति तेव्हां जगभर झालेली होती.

परंतु मुंबईस उतरलेल्या या कीर्तिमान् पुरुषाला स्वतःचें म्हणावें असें घर पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच उरलें नव्हतें. पत्नी दोन वर्षांपूर्वीं झांबेझीच्या कांठीं मातीआड झालेली. थोरला मुलगा बापाचें नांव टाकून अमेरिकेंतल्या यादवी युद्धांत सैनिक झालेला. सर्वांत धाकटी मुलगी साडेपांच वर्षांची. पण बापानें तिचें तोंडसुद्धां अजून पाहिलेलें नव्हतें. लिव्हिंग्स्टनच्या चरित्रांतून नद्यांचे व सरोवरांचे नकाशे असतात. ज्या घरांतून तो त्या नद्या शोधावयास निघाला, त्या घराची हकीकत मात्र कडेला पडते. वस्तुतः ती हकीकत समजल्यावांचून त्याच्या प्रवासांची खरी किंमत कळत नाहीं. कारण ती किंमत एकट्या त्यानेंच दिली असें नाहीं.

लिव्हिंग्स्टनची पत्नी मेरी ही स्वतः मिशनऱ्याचीच मुलगी. तिचे वडील रॉबर्ट मॉफट यांनीं दक्षिण आफ्रिकेंत कुरुमान येथें ठाणें वसविलें व त्स्वाना भाषेंत बायबल उतरविलें. मेरीचा जन्म आफ्रिकेंतच १८२१ सालीं झाला. त्स्वाना भाषा ती मातृभाषेसारखी बोले, आणि लग्नापूर्वींच कुरुमानच्या शाळेंत ती मुलांना शिकवीत असे. १८४४ सालीं माबोत्सा येथें सिंहानें लिव्हिंग्स्टनचा डावा दंड चावून हाड मोडलें. प्रकृति सुधारण्यासाठीं तो कुरुमानला आला, आणि तेथल्या बागेंतल्या बदामाच्या झाडाखालीं त्यानें मेरीला मागणी घातली. १८४५ च्या जानेवारींत त्यांचें लग्न झालें.

माबोत्सा, चोनुआने व कोलोबेंग अशीं तीन ठिकाणें या दांपत्यानें दोन-अडीच वर्षांत बदललीं. शेवटचीं दोन ठिकाणें बाकवेना जमातीचा राजा सेचेले याच्या आश्रयाचीं. चोनुआनेस पाऊस पडेना, म्हणून १८४७ सालीं सारी जमातच कोलोबेंग नदीकांठीं जाऊन राहिली आणि तिच्याबरोबर हें कुटुंबही गेलें. आजच्या बोट्स्वाना देशांत हें ठिकाण येतें. बाकवेना लोकांचीं घरें वाटोळीं. त्यामुळें चौकोनी भिंत सरळ उचलणें त्यांच्या अंगवळणीं नव्हतें. तिन्ही ठिकाणच्या घरांची वीट न् वीट व वासा न् वासा लिव्हिंग्स्टनला आपल्या हातानें गुण्यांत बसवावा लागला, आणि तोही त्या दुखऱ्या हाताच्या सोबतीनें.

या घराचा दिवस पहांटे सुरू होई. सहा-सातच्या सुमारास घरची प्रार्थना, मग अकरा वाजेपर्यंत शाळा. शाळेला बायका, पुरुष व मुलें सगळींच येत. शाळा सुटली कीं मेरी चुलीकडे वळे आणि लिव्हिंग्स्टन कधीं भात्यापाशीं लोहार होई, कधीं रंध्यापाशीं सुतार, तर कधीं कुदळ घेऊन माळी. जेवण झाल्यावर तासभर विश्रांति. मग मेरीची बालवर्गाची शाळा भरे. तींत साठापासून शंभरापर्यंत मुलें असत. कांहीं दिवशीं तिच्याऐवजीं मुलींचा शिवणाचा वर्ग असे. ऊन उतरल्यावर लिव्हिंग्स्टन गांवांत जाई, आजाऱ्यांना औषध देई, ज्याला बोलावयाचें असेल त्याच्याशीं बोलत बसे. रात्रीं पुन्हां प्रार्थना किंवा सभा.

दुकान नाहीं, बाजार नाहीं, आणि पगार दोघांचा मिळून वर्षाला शंभर पौंड! घरांत जें लागे तें घरांतच निर्माण करावें लागे. गहूं हातजात्यावर दळावयाचा. पाव भाजण्यासाठीं वारुळ पोंखरून त्याची भट्टी करावयाची, आंत मोठा जाळ करून ती तापवावयाची, मग निखारे ओढून काढून कणकेचे गोळे आंत ठेवावयाचे आणि तोंडाशीं दगड लावून द्यावयाचा. लोणी बरणींत घुसळून काढीत, मेणबत्त्या सांच्यांत ओतीत. साबणासाठीं खारट झुडपांची किंवा लांकडाची राख लागे, आणि चरबीबरोबर ती महिना-दीड महिना कढवीत बसावें लागे. घरांतलें सारें काम बाईचें व घराबाहेरचें सारें पुरुषाचें, अशी वांटणी असून दोघांनाही दिवस पुरत नसे.

या घरांत रॉबर्ट, ॲग्नेस व टॉमस हीं तीन मुलें लहानाचीं मोठीं होत होतीं. आपल्याकडे खेड्यांत बाईला नांवानें न हांकारतां अमक्याची आई म्हणण्याची चाल आहे. तशीच ती बाकवेना लोकांतही होती. रॉबर्ट जन्मल्यापासून मेरी ही सर्वांची 'मा-रॉबर्ट' झाली. पुढें झांबेझीच्या मोहिमेंतल्या आगबोटीलाही हेंच नांव देण्यांत आलें. कोलोबेंगलाही अवर्षणानें गांठलें. नदी आटली, मका वाळला, आणि तेथले लोक टोळ, सुरवंट व मोठाले बेडूक यांवर गुजराण करूं लागले. मिशनऱ्याचीं मुलेंही तेंच आवडीनें खात. त्या बेडकाला 'मात्लामेत्लो' म्हणत, आणि शिजविल्यावर तो कोंबडीसारखा दिसे असें लिव्हिंग्स्टननें नमूद केलें आहे.

एवढ्या कामाच्या रगाड्यांत एक गोष्ट राहून गेली, आणि ती राहिल्याचें लिव्हिंग्स्टनला फार पुढें कळलें. बाकवेना लोकांत घालविलेल्या वर्षांचा हिशेब मांडतांना त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, त्या काळाकडे पाहतां मनाला टोंचणी लागावी असें एकच आहे. लोकांना शिकविण्यांत सारी शक्ति वेंचतांना स्वतःच्या मुलांशीं खेळण्यासाठीं वेळ राखून ठेवणें हेंही आपलें कर्तव्य आहे, असें तेव्हां वाटलें नाहीं. संध्याकाळपर्यंत अंग इतकें थकून जाई कीं थट्टामस्करी करण्याची उमेदच उरत नसे. मुलें जवळ होतीं तेव्हां त्यांच्याशीं खेळलों नाहीं, आणि दूर गेल्यावर तीं पाहतां पाहतां वाढून गेलीं.

याच सुमारास लिव्हिंग्स्टनचें लक्ष उत्तरेकडे लागलें. १८४९ च्या ऑगस्टमध्यें ऑस्वेल व मरे या दोघां मित्रांसह कालाहारीचें वाळवंट ओलांडून तो न्गामी सरोवरास पोंचला. दुसऱ्या वर्षीं त्यानें पत्नी व तिन्ही मुलें बरोबर घेतलीं. अवर्षणांत वाढलेल्या त्या मुलांनीं एवढें पाणी कधीं पाहिलें नव्हतें. बदकाच्या पिलांसारखीं तीं त्यांत डुंबत राहिलीं. पण तेथेंच दोन मुलांना ताप भरला आणि सर्वांना माघारी फिरावें लागलें. मेरी तेव्हां गरोदर होती. ऑगस्टमध्यें कोलोबेंगला तिला मुलगी झाली. एलिझाबेथ हें तिचें नांव. ही मुलगी सुमारें सहा आठवडेच जगली. मेरीच्या चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला व तिला माहेरीं कुरुमानला जाऊन राहावें लागलें.

१८५१ सालीं लिव्हिंग्स्टन पुन्हां उत्तरेस निघाला, आणि पुन्हां मेरी गरोदर असतां, तीन मुलांसह! त्याच्या सासूनें त्याला खरमरीत पत्र लिहिलें. एक मूल गेलें, बाकीचीं कशींबशीं वांचलीं, एवढ्यानें तुमचें समाधान झालें नाहीं काय, असा त्या पत्राचा आशय. त्या बाईनें स्वतः आयुष्यभर मिशनऱ्याचा संसार केला होता. त्यामुळें तिच्या बोलण्याला हरकत घेणें अवघड होतें. लिव्हिंग्स्टन मात्र थांबला नाहीं.

या प्रवासांत वाटाड्या शोबो वाळवंटांत सोडून गेला. गाडींतलें पाणी एका नोकरानें वायां घालविलें. मुलांपुरतें थोडें राहिलें, तेंही संपत आलें. आणि पाणी जसजसें कमी होई तसतशीं मुलें अधिकच पाणी पाणी करीत. डोळ्यांदेखत तीं मरतील या भीतीनें काढलेल्या त्या रात्रीविषयीं लिव्हिंग्स्टननें जें लिहिलें आहे त्याचा भावार्थ असा: या साऱ्याचा दोष तुमचाच, असें पत्नी म्हणाली असती तर बरें वाटलें असतें, पण तिनें अवाक्षर काढलें नाहीं, फक्त तिचे डोळे भरून आले होते. पांचव्या दिवशीं दुपारनंतर कांहीं माणसें पाणी घेऊन परत आलीं व मुलें वांचलीं. परतीच्या वाटेवर, झूगा नदीच्या कांठीं, १८५१ च्या सप्टेंबरांत मेरीला मुलगा झाला. मित्राच्या नांवावरून त्याचें नांव विल्यम ऑस्वेल ठेविलें.

आतां मुलांना घेऊन असें हिंडणें शक्य नाहीं हें लिव्हिंग्स्टनलाही पटलें. सारें कुटुंब केप टाउनला आलें. इतक्या वर्षांनंतर शहरांत आलेल्या या मंडळींच्या अंगावर धड कपडे नव्हते. ते ऑस्वेलनें आपल्या खर्चानें करून दिले. १८५२ च्या एप्रिलच्या २३ तारखेस मेरी चार मुलांसह विलायतेच्या जहाजावर चढली. थोरला सहा वर्षांचा, धाकटा सात महिन्यांचा. दोन वर्षांत परत येतों, असें लिव्हिंग्स्टनचें सांगणें होतें. प्रत्यक्षांत साडेचार वर्षें लागलीं. त्याच साली बोअर लोकांनीं सेचेलेवर हल्ला केला आणि कोलोबेंगचें घर लुटलें. परत जावयाचें म्हटलें तरी आतां तें घरही राहिलें नाहीं.

या साडेचार वर्षांत लिव्हिंग्स्टननें आफ्रिका ओलांडली आणि १८५५ च्या नोव्हेंबरांत व्हिक्टोरिया धबधबा पाहिला. त्याच साडेचार वर्षांत मेरी हॅमिल्टन, मँचेस्टर, केंडल, एप्सम अशी भाड्याच्या खोल्यांतून फिरत होती. सासरच्या माणसांशीं तिचें पटलें नाहीं. मिशनच्या मंडळाकडून येणारी मदत अपुरी पडे. आफ्रिकेच्या उन्हांत वाढलेली ही बाई, वारुळांत पाव भाजणारी, शंभर मुलांची शाळा चालविणारी. तिला विलायतेंतल्या थंडींत कोणी ओळखीचें नव्हतें, कीं हाताला काम नव्हतें. १८५६ च्या डिसेंबरांत पति परत आला, तेव्हां पुन्हां वियोग न होवो अशा अर्थाची एक स्वागताची कविता तिनें लिहून ठेवली होती.

१८५८ सालीं पति झांबेझीच्या मोहिमेवर निघाला तेव्हां धाकट्या मुलाला घेऊन ती त्याच्याबरोबर निघाली. थोरलीं तीन मुलें मागें राहिलीं. पण वाटेंतच ती पुन्हां गरोदर असल्याचें कळलें आणि तिला केप टाउनला उतरावें लागलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत कुरुमान येथें ॲना मेरी जन्मली. पुढें मेरी विलायतेस गेली आणि १८६२ च्या आरंभीं मुलांना तेथेंच ठेवून झांबेझीवर आली. तीन महिन्यांत तापानें तिला गांठलें. २७ एप्रिल १८६२ रोजीं शुपांगा येथें वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं ती वारली. गोरखचिंचेच्या एका प्रचंड झाडाखालीं तिला पुरलें.

थोरला रॉबर्ट वडिलांना भेटण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंत आला होता; त्यांच्यापर्यंत त्याला पोंचतां आलें नाहीं. तेथून तो अमेरिकेस गेला व रूपर्ट व्हिन्सेंट या नांवानें उत्तरेच्या सैन्यांत शिरला. वडिलांच्या नांवाला आपल्यामुळें आणखी कमीपणा येऊं नये म्हणून नांव बदललें, असें त्यानें त्यांना कळविलें. १८६४ च्या डिसेंबरांत, नॉर्थ कॅरोलायनांतल्या सॅलिसबरी येथील शत्रूच्या बंदिवासांत, अठराव्या वर्षीं त्याचा अंत झाला.

आतां पुन्हां मुंबईकडे. 'लेडी न्यासा' बोटीवर लिव्हिंग्स्टननें पुस्तकाच्या उत्पन्नांतले सुमारें सहा हजार पौंड खर्चिले होते. पुढच्या वर्षीं तो मुंबईस परत आला, तेव्हां ती २३०० पौंडांस विकली गेली. आणि ज्या पेढींत ती रक्कम ठेविली ती पेढी बुडाली. मधल्या काळांत विलायतेंत त्याला मुलांचा सहवास घडला. ॲना मेरीला त्यानें प्रथमच पाहिलें. आणि ॲग्नेस, जी कोलोबेंगला रांगत होती, ती आतां त्याच्या नव्या पुस्तकाचें लेखन करूं लागली. तेवढेच कांहीं महिने. १८६६ च्या जानेवारींत मुंबईहून तो पुन्हां आफ्रिकेस निघाला, आणि आपल्या मुलांपैकीं एकालाही त्यानें नंतर कधीं पाहिलें नाहीं.

या शेवटच्या प्रवासांत त्याच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्यें वाढत, तेथें लिहिणें-वाचणें व सुतारकी-लोहारकी शिकत. त्याच ठिकाणीं शिकलेला जेकब वेनराइट हा १८७२ सालीं स्टॅन्लीनें धाडलेल्या तुकडींतून त्याला येऊन मिळाला. १ मे १८७३ रोजीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां त्याचें हृदय झाडाखालीं पुरतांना प्रार्थना वेनराइटनें वाचली. सुसी, चुमा आणि त्यांचे सोबती यांनीं त्याचा देह हजारावर मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें त्याचें दफन झालें. शवपेटीपाशीं वृद्ध सासरे मॉफट उभे होते, टॉमस होता, झूगाकांठीं जन्मलेला ऑस्वेल होता, आणि पेटी धरणारांत नाशिकास शिकलेला वेनराइट होता. बापाच्या अखेरच्या दिवसांची हकीकत मुलांना सांगूं शकेल असा त्या साऱ्या समुदायांत तोच एक होता.