सोपाऱ्याचे शिलालेख आणि ताटातली अहिंसा

हल्ली आपल्या वसई-विरारमध्येही मांस-दूध सोडून वनस्पतिजन्य आहार घेणारे तरुण भेटतात. डाळ, वाल, नाचणी, पालेभाजी शरीराला चांगलीच. आमचा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो शाकाहाराला पावित्र्याचा शिक्का मारून मासे-मटण खाणाऱ्याला घर नाकारण्याला.

याच भूमीत, सोपाऱ्यात, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेला निघाला, ही त्या लेखाची हकीकत. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी! तो लेख गिरनारला पूर्ण वाचता येतो. प्राण्यांबाबत संयम त्यात आहेच, पण त्याआधी येते दास आणि नोकरांशी नीट वागणे. हा क्रम आजचे अहिंसावादी सांगत नाहीत.

भिक्खूंना मासे-मांस बंद करा, ही देवदत्ताची मागणी तथागतांनी फेटाळली होती. आणि १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी मांडले, की ब्राह्मणांनी गोमांस सोडले ते बौद्धांवर मात करण्यासाठी, मेलेल्या गाईचे मांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले. भाड्याचे घर बघायला गेल्यावर ‘नॉनव्हेज खाता का?’ असे का विचारतात, ते त्या पुस्तकात सापडेल.