अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यातला तडा

मिनेसोटात किंवा क्वेबेकमध्ये एप्रिल उजाडला की स्नोमोबाईल धुऊन-पुसून शेडमध्ये ठेवायची वेळ येते. तडा बहुधा याच वेळी नजरेस पडतो. सीटखालचा पत्रा रनिंग बोर्डाला मिळतो त्या कोपऱ्यात, नाहीतर मागच्या सस्पेन्शनच्या बोल्टाशेजारी, केसाएवढी बारीक काळी रेघ असते. बोटाला ती लागत नाही, नखाला लागते. मालकाच्या मनात पहिला विचार वेल्डरचा येतो. टाका मारून घेतला की पुढच्या हिवाळ्याला गाडी तयार! माझे म्हणणे नेमके या विचाराविरुद्ध आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात थकव्याने गेलेल्या तड्यावर वेल्डिंग हा शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे. याची कारणे धातूच्या स्वभावातच आहेत.

आधी सांगाड्याची रचना. कॅनडातले संशोधक जोसेफ-आर्मां बोंबार्डिये यांनी क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावातून १९५९ साली ‘स्की-डू’ बाजारात आणली, तेव्हापासून या वाहनाची मूळ मांडणी तीच राहिली आहे: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. आजच्या गाडीत पुढच्या भागाला बल्कहेड म्हणतात. इंजिन, स्टिअरिंग आणि स्कीचे हात त्यावर बसतात. मागचा भाग म्हणजे टनेल. पन्हळ उलटी ठेवावी तसा हा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो आणि त्याच्या पोटात पट्टा फिरतो. टनेलवर सीट असते, दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे रनिंग बोर्ड असतात आणि आतल्या बाजूला इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या चपट्या नळ्या रिव्हेटने जोडलेल्या असतात. पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आदळतो आणि पाणी निवते. पातळ पत्र्याची ही पन्हळ एकाच वेळी कणा आहे, बैठक आहे, पट्ट्याचे आवरण आहे आणि रेडिएटरचा आधारही आहे. इतकी कामे एका पत्र्यावर पडल्यावर बोल्टाची भोके, दुमडलेले कोपरे आणि रिव्हेटच्या रांगा त्यात येणारच. तडे जातात ते याच ठिकाणी.

पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम घेतले जाते ते वजनासाठी. त्याची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे. पण लवचिकतेचा गुणांकही तितकाच कमी आहे: पोलादाचा सुमारे २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. म्हणजे तेवढ्याच जाडीचा पत्रा तेवढ्याच भाराखाली तिप्पट लवतो. याहून महत्त्वाचा फरक थकव्यात आहे. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की एका धक्क्यात मोडण्यासाठी लागतो त्याहून खूप कमी ताणही पुन्हा पुन्हा दिला तर धातू मोडतो. पोलादाला या बाबतीत एक उंबरठा असतो. त्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते व्यवहारात टिकते. अ‍ॅल्युमिनियमला असा स्पष्ट उंबरठा नाही. ताण कमी असेल तर आयुष्य लांबते, पण प्रत्येक हेलकावा कुठेतरी नोंदला जात असतो. खडबडीत वाटेवर सेकंदाला एक धक्का धरला, तर शंभर तासांत सस्पेन्शनच्या बोल्टावर ३,६०,००० धक्के बसतात. इंजिनाची थरथर वेगळीच. मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर चालणारे इंजिन तासाभरात ४,८०,००० वेळा फिरते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘थंडीने धातू ठिसूळ झाला आणि तडकला’ असे अनेक जण सांगतात. साध्या पोलादाच्या बाबतीत हे घडू शकते. अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकांची रचना वेगळी असल्याने ते उणे चाळीस अंशांतही ठिसूळ होत नाही, उलट त्याची ताकद किंचित वाढते. थंडीला दोष देऊन मोकळे झाले की खरे कारण शोधायचे राहून जाते. खरे कारण बहुतेक वेळा साधे असते. बोल्ट ढिला झालेला असतो, बुश झिजलेला असतो, मागच्या रॅकवर पेट्रोलचे कॅन लादलेले असतात, शॉक अ‍ॅबसॉर्बर मेलेला असतो, किंवा उंच उडी घेऊन गाडी सपाट जमिनीवर आदळलेली असते.

यांतला ढिला बोल्ट मला सर्वांत घातक वाटतो. नीट आवळलेला बोल्ट दोन पत्रे इतके घट्ट दाबून धरतो की बराचसा भार पत्र्यांमधल्या घर्षणातूनच पलीकडे जातो. तो ढिला झाला की तोच भार भोकाच्या एका कडेवर ठोके मारू लागतो. भोक लांबट होते, कडा चुरते आणि तिथून तडा सुरू होतो. याची खूण तडा दिसण्याआधीच मिळते. बोल्टाच्या किंवा रिव्हेटच्या डोक्याभोवती करडी-काळी पूड किंवा काजळीसारखे ओघळ दिसतात. घासून निघालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साईडची ती भुकटी असते. विमानांची देखभाल करणारे अशा रिव्हेटला ‘धूर सोडणारा रिव्हेट’ म्हणतात. गाडी धुताना ही काजळी पुसून टाकण्याआधी ती कुठे कुठे आहे ते पाहून घ्यावे.

आता तड्याच्या टोकाकडे वळू, कारण दुरुस्तीचे सारे शास्त्र तिथे आहे. ताणाखालच्या पत्र्यात गोल भोक पाडले तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये हे लंबगोल भोकांपर्यंत नेले आणि त्यातून एक साधे सूत्र मिळाले: तड्याच्या निम्म्या लांबीला टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि एक मिळवा. तडा वीस मिलिमीटरचा आणि टोकाची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली, तर टोकाशी ताण सुमारे ६४ पट येतो. प्रत्यक्षात एवढा ताण येण्याआधी टोकाजवळचा धातू मऊ पडून थोडा ओढला जातो, पण तडा पुढे का सरकतो हे या आकड्यावरून कळते. आता त्याच तड्याच्या दोन्ही टोकांना पाच मिलिमीटरची भोके पाडली आणि एकूण लांबी तेवढीच धरली, तर त्रिज्या अडीच मिलिमीटर होते आणि ताण उतरतो पाच पटीवर. ६४ वरून ५! टोक बोथट करणाऱ्या या साध्या भोकाला मेकॅनिक स्टॉप-होल म्हणतात.

पाच पट हे काही थोडके नाही. म्हणून स्टॉप-होल ही दुरुस्तीची सुरुवात आहे, शेवट नाही. नुसते भोक पाडून सोडलेला तडा काही काळ थांबतो आणि मग भोकाच्या दुसऱ्या बाजूने निघतो. भोकाच्या जागेचाही प्रश्न असतो. डोळ्याला दिसते ते टोक खरे टोक नसते, त्याच्या पुढे धातू आतून फाटलेला असतो. पोलादातल्या तड्यांसाठी वापरतात ती चुंबकीय भुकटी इथे चालत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. त्यासाठी लाल रंगाचे पेनेट्रंट वापरावे. रंग काढून पत्रा स्वच्छ करायचा, पेनेट्रंट लावून दहा-वीस मिनिटे मुरू द्यायचे, पुसायचे आणि वर पांढरी डेव्हलपर पावडर फवारायची. तडा लाल रेघ होऊन वर येतो. मग टोकाच्या एक-दोन मिलिमीटर पुढे भोकाचा मध्य धरून ड्रिल करावे. भोकाच्या दोन्ही कडा कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. ड्रिलने सोडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याचे बी. शेवटी पेनेट्रंट पुन्हा लावून पाहावे. भोकाच्या पलीकडे लाल रेघ उमटली, तर टोक अजून पुढे आहे.

वेल्डिंगला माझा आक्षेप उष्णतेमुळे आहे. या सांगाड्यांत ५०५२ आणि ६०६१ हे मिश्रधातू नेहमी भेटतात. ५०५२ ची ताकद थंड अवस्थेत लाटल्यामुळे येते. एच-३२ प्रकारात तो सुमारे १९० मेगापास्कलला कायमचा वाकू लागतो, तापवून मऊ केल्यावर सुमारे ९० ला. एकदा मऊ पडलेला हा पत्रा कोणत्याही उष्णतोपचाराने पुन्हा कडक होत नाही. ६०६१ ची टी-६ अवस्था सुमारे २७५ मेगापास्कलची. ती ताकद धातूत विखुरलेल्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येते आणि वेल्डिंगची धग लागलेल्या पट्ट्यात ते कण भरड होऊन ती निम्म्याच्या आसपास उतरते. ती परत मिळवायची तर अख्खी टनेल भट्टीत ५३० अंशांपर्यंत तापवून, पाण्यात बुडवून, मग कित्येक तास १६०-१७५ अंशांवर मुरवावी लागेल. दोन मिलिमीटरचा पत्रा त्यात वेडावाकडा होईल. म्हणजे वेल्डिंगचा मणी शाबूत राहतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मऊ धातूची पट्टी तयार होते. त्यात मण्याची कड स्वतःच खाचेचे काम करते. पुढच्या हिवाळ्यात नवा तडा जुन्याला समांतर, मण्यापासून थोड्याच अंतरावर निघतो तो यामुळे.

वेल्डिंग कधीच करू नये असे मात्र नाही. जाड ब्रॅकेट आणि जाड कोन यांना ते योग्य ठरते, पण तिथेही तडा मुळापासून घासून काढल्याशिवाय वर मणी ओतू नये. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्यावरचा ऑक्साईड दोन हजार अंशांच्याही वर. म्हणून फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेस ब्रश, अ‍ॅसिटोनची पुसणी आणि एसी टिग लागते. भरणीची तार ४०४३ किंवा ५३५६ घेतात. यांपैकी ५३५६ सतत ६५ अंशांहून गरम राहणाऱ्या जागी, उदाहरणार्थ एक्झॉस्टजवळ, टाळावी. बॅटरी आणि कंट्रोल युनिटची जोडणी सोडावी, पेट्रोलची टाकी उतरवावी. आणि एक गोष्ट जिवावरची आहे. वेल्डिंगची जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने कधीही पुसू नये. वेल्डिंगच्या धगीत त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

पत्र्यासाठी योग्य दुरुस्ती म्हणजे ठिगळ. रिव्हेटने जोडलेले आणि शक्य असेल तर चिकटवलेलेही. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांवर काम करणाऱ्या हातांना यात नवे काही वाटणार नाही, कारण हे विमानांच्या दुरुस्तीतूनच आलेले तंत्र आहे. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जातीचे आणि जवळपास तेवढ्याच जाडीचे घ्यावे. ‘एकदाच काय ते जाड लावू’ हा मोह इथे नडतो. दोन पत्रे चिकटून एकजीव झाले की जाडी दुप्पट होते आणि वाकण्याला होणारा विरोध आठपट. ठिगळाची जाडी मूळच्या दुप्पट घेतली तर एकूण जाडी तिप्पट आणि विरोध सत्तावीसपट. मग सगळे वाकणे ठिगळ संपते त्या रेषेवर गोळा होते आणि तडा तिथे जातो. म्हणून ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत, कडा उतरत्या कराव्यात. ते तड्याच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटच्या निदान दोन-तीन रांगा बसतील एवढे मोठे असावे.

रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर त्याच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत आणि सुमारे चौपट अंतर दोन रिव्हेटमध्ये ठेवावे. म्हणजे ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटला कडेपासून दहा आणि एकमेकांपासून वीस मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा पॉप रिव्हेट इथे नको, त्याचा मधला खिळा निघून गेला की मागे पोकळ नळी उरते. खिळा आत अडकून राहणारा स्ट्रक्चरल रिव्हेट घ्यावा. पट्टा आणि सस्पेन्शन उतरवलेच असेल आणि दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल, तर भरीव रिव्हेट उत्तम. रिव्हेटचे आतले टोक पट्ट्याला किंवा त्यावरच्या खिळ्यांना घासणार नाही हे मोजून पाहावे. दोन पत्र्यांमध्ये इपॉक्सीचा थर दिला तर भार केवळ भोकांवर न पडता सगळ्या पृष्ठभागावर पसरतो आणि पाणीही आत शिरत नाही. मिनेसोटा-क्वेबेकसारख्या प्रदेशात ट्रेलरवरून गाडी नेताना हमरस्त्यावरचे मीठ तिच्यावर उडतेच. खारट ओल, स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजते.

हे सगळे करण्याआधी सांगाडा मोजलेला असावा. डाव्या-उजव्या सस्पेन्शनच्या भोकांमधली तिरकी अंतरे दोन्हीकडे सारखी नसतील तर टनेल पिळलेली आहे, आणि पिळलेल्या टनेलवर ठिगळ लावणे म्हणजे तो पीळ कायमचा करणे. लांबट झालेले भोक तसेच ठेवून नुसता जाड वॉशर लावणेही तितकेच चूक. त्या भोकावर ठिगळ घालून नवे, नेमक्या मापाचे भोक पाडावे, बुश बदलावा आणि उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच बोल्ट आवळावा. भार कमी झाल्याचा फायदा मोठा असतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये तडा वाढण्याचा वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घातानुसार बदलतो, म्हणजे ताण निम्मा केला की वाढ आठ ते सोळा पटींनी मंदावते.

बल्कहेडचे ओतीव भाग, स्कीचे हात आणि स्टिअरिंगचा आधार यांना हे काहीही लागू नाही. ओतीव धातूत मुळातच सूक्ष्म पोकळ्या असतात, तडा दिसतो त्याहून खोल गेलेला असतो, आणि तो भाग गोठलेल्या तळ्यावर वेगात असताना मोडला तर गाडी वळवता येत नाही. असा भाग दुरुस्त करू नये, बदलावा.

आणि ठिगळ लावून झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी उलटी टेकवून, कडा कापडाने पुसून, ठिगळाच्या चारही कोपऱ्यांवर आणि प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर टॉर्च मारून पाहा. काळी पूड दिसली तर बोल्ट आणि बुश पुन्हा तपासा.